गाणे अडकते, दोष केबलचा की वाय-फायचा? फायबर घेण्याआधी हे तपासा

रात्री नऊची वेळ. जेवण आटोपून पंडित भीमसेन जोशींचा अभंग लावावा, आवाज चढत जावा आणि नेमके तेव्हाच स्क्रीनवर गोल चक्र फिरू लागावे. केबलवाल्याला फोन केला की ठरलेले उत्तर येते, ‘फायबर घेऊन टाका!’ पण गाणी ऐकण्यासाठी खरेच फायबर लागते का?

आधी वेगाचा हिशेब पाहू. स्पॉटिफायवरील ‘व्हेरी हाय’ दर्जाच्या गाण्याला सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे १ एमबीपीएसच्या एक-तृतीयांशही वेग लागत नाही. सीडीच्या दर्जाचा, अजिबात न आकसलेला आवाज १.४ एमबीपीएसमध्ये मावतो. अॅपल म्युझिकच्या सर्वांत वरच्या दर्जाचे तीन मिनिटांचे गाणे १४५ एमबीच्या आसपास असते. त्यालाही साधारण साडेसहा एमबीपीएस पुरतात. घरात ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन असेल, तर अशी चार गाणी एकाच वेळी वाजू शकतात. त्यामुळे केवळ गाण्यांसाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे म्हणजे एका घागरीसाठी टँकर मागवणे.

मग अडते कुठे?

आपल्याकडे ‘केबल इंटरनेट’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एक, टीव्हीच्या जाड कोॲक्सियल वायरीतून मोडेमद्वारे येणारे इंटरनेट. दुसरी, गच्चीवरच्या स्विचमधून खिडकीतून आत ओढलेली लॅन वायर. कोॲक्सियलमध्ये एकच वाहिनी अख्ख्या गल्लीत वाटलेली असते. सगळे घरी परतले की ती तुंबते. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की सिग्नल बिघडतो. लॅन वायरीची मर्यादा १०० मीटर. शिवाय गच्चीवरच्या स्विचची वीज गेली की तुमच्या घरात दिवे असूनही इंटरनेट बंद!

फायबरमधून विजेऐवजी प्रकाश जातो. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, ओलाव्याचा त्रास कमी होतो आणि वीज कडाडल्यावर वायरीतून दाब येऊन राउटर जळण्याची भीतीही बरीच कमी होते. मात्र फायबरही वाटलेलेच असते. घरोघरी दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ जीबीपीएसची एक वाहिनी बहुधा ३२ किंवा ६४ घरांत विभागतात. फायबरचे शत्रू वेगळे : रस्त्याचे खोदकाम, उंदीर आणि कपाटामागे काटकोनात दुमडलेली वायर.

खरा फरक अपलोडमध्ये जाणवतो. कोॲक्सियलमध्ये घरातून बाहेर जाणारा मार्ग अरुंद असतो. कुणी लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागले, की अॅपने गाण्याचा पुढचा तुकडा मागण्यासाठी पाठवलेली विनंतीही त्याच रांगेत अडकते. एरवी अॅप पुढचा भाग आधीच साठवून ठेवते, म्हणून किरकोळ खंड कळतही नाही. आकाशवाणीच्या थेट प्रसारणात मात्र हा साठा थोडाच असतो. घरात ऑनलाइन गायन-वर्ग चालत असतील, तर फायबरसाठी जादा पैसे मोजणे योग्यच.

दोष घरातलाच असेल तर?

अनेकदा तो तिथेच सापडतो. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा शेजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ हे सारेच वापरतात. चाळीत किंवा मोठ्या सोसायटीत ही गर्दी विचारूच नका. शिवाय साध्या ब्लूटूथ इअरफोनवर जाताना आवाज पुन्हा आकसतो. तिथे ‘लॉसलेस’ दर्जा आणि फायबर दोन्ही वाया!

म्हणून आधी गाणे फोनवर डाउनलोड करा आणि एअरप्लेन मोडमध्ये, ब्लूटूथ सुरू ठेवून वाजवा. तरीही तुटले, तर दोष ब्लूटूथचा. नंतर रात्री नऊला लॅपटॉप थेट वायरीने राउटरला जोडून पाहा. वायरीवर सुरळीत आणि वाय-फायवर अडखळत असेल, तर राउटर कपाटातून बाहेर काढा किंवा ५ गिगाहर्ट्झवर या. वायरीवरही अडले, तरच कनेक्शन बदलण्याचा विचार करा.

तेव्हाही केबलवाल्याला एक प्रश्न विचाराच : फायबर घरातल्या डब्यापर्यंत येणार की गच्चीपर्यंत? जोडणी झाल्यावर डब्याची मागची बाजू पाहा. बाहेरून येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल, तर ते फायबर. पारदर्शक प्लास्टिकची, ‘टक्’ आवाज करत बसणारी पिन असेल, तर ती जुनीच लॅन वायर.