भरती की कॉलेज? सीमाभागातल्या मुलांपुढचा पेच

दहावी-बारावीचे निकाल लागले, की सीमाभागातल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे शिकवायचे, की भरतीला पाठवायचे? औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, इकडे कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका, कुठेही जा. पहाट फुटायच्या आत डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतात. अंगात बनियन, पायात आठवडी बाजारातले बूट. बिदरच्या आसपासच्या गावांत तर हवाई दलाची शिकाऊ विमाने डोक्यावरून घिरट्या घालत असतात. बिदरचे केंद्र म्हणजे वैमानिक घडवण्याची जागा. २००८ पासून तिथे हॉक जातीची विमाने आली. ती पाहत वाढलेल्या मुलाला फौजेची ओढ वाटली, तर त्यात नवल ते काय?

पण शिक्षक म्हणून या पोरांशी बोललो, की निराळेच चित्र दिसते. 'भरतीला का जायचे?' असे विचारले, तर देशसेवा, वर्दी, पगार ही उत्तरे येतातच. थोडे खोदून विचारले, की खाली मान घालून पोरगा म्हणतो, 'सर, अकरावीला मराठी नाही.'

वाचकहो, या एका वाक्यावर सीमाभागात कधीतरी नीट विचार व्हायला हवा. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो सगळा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. इथे मुद्दा शाळेपुरता आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यम मिळते, एसएसएलसीचा पेपर मराठीतून लिहिता येतो. पुढे पीयूसीला मात्र कन्नड किंवा इंग्रजी. दहा वर्षे मराठीतून गणित-विज्ञान शिकलेले पोर जून महिन्यात एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. हुशार असेल तर वर्षभर धडपडून सावरते. बेताचे असेल, तर पहिल्या चाचणीतच हाय खाते आणि मग त्याला मैदान आठवते. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत भरतीची ओढ ही खरे तर अकरावीची धास्ती असते. हे घरच्यांनी ओळखले पाहिजे. धास्तीपोटी पळणारे पोर मैदानावरही फार काळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

ज्यांची ऐपत आहे ते पलीकडे जातात. कमलनगरहून रेल्वेने उदगीर काही लांब नाही. बसवकल्याणचे उमरग्याला जातात, आळंदचे अक्कलकोट-सोलापूरला, औरादचे देगलूरला. उदगीरचे उदयगिरी महाविद्यालय १९६२ चे. २०२२ मध्ये त्याच आवारात ९५ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या गावांतून जीपगाड्या भरून माणसे गेली होती. पण जाऊन येणे वेगळे आणि पोराची खोली, खाणावळ, फी दोन-तीन वर्षे भरणे वेगळे. दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन नाहीतर तूर, एक पाऊस चुकला की सोसायटीचे कर्ज थकले. अशा घरात बाप जर म्हणाला, 'गुरुजी, पोरगं पळतंय चांगलं, कॉलेजात कशाला घालता?' तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही.

आता फौजेची बाजू पाहू. सातारा-कोल्हापूरकडे सैन्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, असा त्या गावाचा लौकिक. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या इटलीतल्या लढाईतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पलटणीचे केंद्र आपल्याच सीमाभागात, बेळगावात आहे. निजामी मुलुखात मात्र ही परंपरा तशी रुजली नाही. त्यामुळे आपल्याकडे 'आजोबा फौजेत होते' असे सांगणारी घरे मोजकी, आणि फौजेची माहिती बहुतेक ऐकीव. ऐकीव माहितीत सगळ्यात मोठा घोटाळा हा, की वडीलधारी मंडळी अजून जुन्याच नोकरीचे गणित मांडतात. पंधरा वर्षे काढली की पेन्शन, कँटीन, माजी सैनिकाची राखीव जागा.

ते गणित जून २०२२ मध्ये बदलले. अग्निपथ योजना आली आणि शिपाई पदाची भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी होऊ लागली. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून जातात, म्हणजे हातात सुरुवातीला २१ हजार आणि शेवटी २८ हजार. चार वर्षांत मुलाचे सुमारे ५ लाख २ हजार जमतात, सरकार तेवढेच घालते, व्याज धरून शेवटी ११ लाख ७१ हजारांच्या आसपास रक्कम करमुक्त मिळते. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता भरावा लागत नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतून जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. त्यांना पुढे किमान १५ वर्षे आणि जुन्यासारखे लाभ. बाकीची घरी. अधिकारी निवड करणार, पोराच्या इच्छेवर नाही.

अकरा-बारा लाख ही आपल्या भागात लहान रक्कम नव्हे. बहिणीचे लग्न होते, विहीर होते, कर्ज फिटते. मी तिला तुच्छ मानत नाही. फक्त एवढेच सांगतो, की चारातले तिघे परत येणार आहेत हे धरून हिशेब करा. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत आलेल्या मुलाच्या हातात काय असेल? दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालय संस्थेमार्फत बारावीच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवीचा अभ्यासक्रम ठेवला आहे, त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. या सोयी कागदावर चांगल्या आहेत. पण चार वर्षे पुस्तक न उघडलेल्या हाताला पुन्हा पुस्तक धरायला लावणे किती अवघड, हे शिक्षकाला विचारा.

भाषेच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली आहे, आणि ती आपल्या गावांत अजून पोचलेली नाही. सैन्यभरतीत २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला. ही लेखी परीक्षा २०२५ पासून तेरा भाषांत देता येऊ लागली. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ वगैरेंच्या शिपाई भरतीची परीक्षाही २०२४ पासून हिंदी-इंग्रजीशिवाय तेरा प्रादेशिक भाषांत होते, त्यातही मराठी आहे. ती दहावीवर देता येते आणि तिथली नोकरी चार वर्षांची नाही. तरीही आपली मुले 'इंग्रजी-हिंदीत पेपर असतो' म्हणून फॉर्मच भरत नाहीत, किंवा भरताना भाषेच्या चौकटीत घाईने इंग्रजी टिचकवतात. इंटरनेट सेंटरवरचा माणूस गर्दीत कशाला विचारत बसेल? फॉर्म भरताना पोराने शेजारी उभे राहून मराठी निवडले पाहिजे.

जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. ६२५ पैकी २८२. नुसते पास होणे पुरत नाही, हे नववीतच सांगायला हवे. जे पोरगे 'मला काय, मी भरतीला जाणार' म्हणून दहावीत अभ्यास सोडते, त्याचा फॉर्म इथेच अडतो.

आता कॉलेजची बाजू. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत आपले गाव असेल, तर मातृभाषा मराठी असलेल्या आणि सीमाभागातल्याच संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत वेगळा प्रकार आहे. वैद्यकीयच्याही थोड्या जागा सीमाभागासाठी असतात. मागणारे नसल्यामुळे ही सोय आपल्या बिदर-कलबुर्गीकडे बहुतेकांना माहीतच नाही. बेळगावची मुले मात्र तिचा लाभ घेतात. दुसरीकडे, आपण ज्या राज्यात राहतो तिथे घटनेच्या ३७१ (जे) कलमाने या भागातल्या रहिवाशांना विद्यापीठांच्या सत्तर टक्के जागा आणि नोकऱ्यांत मोठा वाटा राखून दिला आहे. तो मराठी माणसालाही लागू आहे, कारण तो रहिवाशाचा हक्क आहे. मात्र ती नोकरी करायची तर कन्नड लिहिता-वाचता आली पाहिजे. समितीच्या माणसाने हे लिहावे याचे काही मित्रांना वाईट वाटेल. पण मराठी शाळा टिकावी म्हणून भांडणे आणि पोराने कन्नड नीट शिकावे म्हणून सांगणे यांत मला विरोध दिसत नाही. कन्नड न येणारे पोर तहसील कचेरीत दुसऱ्याचे तोंड पाहत उभे राहते, आणि आपली लढाई त्याने पुढे जात नाही.

मला स्वतःला विचाराल, तर सोळाव्या वर्षी हा निर्णय घ्यायचीच गरज नाही. अग्निवीर भरतीला वय किमान साडेसतरा लागते आणि वरची मर्यादा एकविशीच्या आसपास असते. नेमकी तारीख त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. दहावीचे पोर सोळाचे असते. मधल्या काळात पीयूसी होते, पदवीचे एक-दोन वर्षही होते. कला शाखा घेतली तर इंग्रजीची भिंत थोडी ठेंगणी होते, आणि पहाटे पळायला कोण नको म्हणते? पीयूसी झालेला मुलगा भरतीला गेला आणि चार वर्षांनी परतला, तर निदान बारावीपासून सुरुवात करील. कॉलेजात एनसीसी असेल तर आवर्जून घ्यावी. 'सी' प्रमाणपत्राला अग्निवीर भरतीत जादा गुण मिळतात आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षेशिवाय अधिकारी निवडीच्या मुलाखतीला बोलावणे येऊ शकते. अधिकारी होणे म्हणजे शहरातल्या इंग्रजी पोरांचे काम, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, साताऱ्याची शाळा १९६१ पासून आणि विजापूरची १९६३ पासून चालू आहे. आपल्या प्राथमिक शाळांतून तिथे किती अर्ज जातात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या मनाशी पाहावे.

मुलींबद्दल तर आपण अजून बोलतच नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुली जातात, पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. आमच्या तालुक्यातली एक मुलगी शाळेच्या मैदानावर सगळ्या पोरांना मागे टाकते. तिच्या आईने मला हळूच विचारले, 'गुरुजी, हिला घेतात का हो?' घेतात, असे मी सांगितले. बापाशी बोलणे अजून चालू आहे.

एवढे सगळे ठरले तरी शेवटी गाडी अडते ती कागदावर. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठी वळणाचे, नाड कचेरीच्या दाखल्यावर कन्नड वळणाचे, आधारवर इंग्रजीत तिसरेच. 'विठ्ठल' एका ठिकाणी एका 'टी'चा, दुसरीकडे दोन 'टीं'चा. आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, कुठे गाळलेलेच. बापाच्या नावाचीही तीच गत. मैदानात चांगला आलेला मुलगा कागद तपासणीच्या टेबलावरून रडत परत आलेला मी पाहिला आहे. त्याला भाषा आड आली नाही, स्पेलिंग आड आले. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच शाळेच्या रजिस्टरातले नाव, आधार आणि जात-रहिवासाचा दाखला समोरासमोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवून घ्यावे. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर एकदा चुकीचे नाव छापले गेले, की ते सुधारायला बेंगळुरूपर्यंत कागद फिरतात आणि तेवढ्यात भरतीची तारीख निघून जाते. आमच्या शाळेत आम्ही हे काम नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत करतो. पालकांनी येताना तिन्ही कागदांची मूळ प्रत आणावी, झेरॉक्सवर अक्षरे पुसट येतात.