मीठ लागतांच जागा होणारा जंतु

पावसाळ्यांत डोंबिवली स्टेशनावरून घरीं परतणारीं माणसें घोट्याएवढ्या पाण्यांतून वाट काढीत येतात, हें दृश्य येथें कोणास नवें नाहीं. त्या पाण्याची कोणी फारशी धास्तीहि घेत नाहीं. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईपासून कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडेपर्यंत घरांघरांत पाणी शिरलें. तें ओसरल्यावर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिस या तापाची मोठी सांथ उसळली, व तोंपर्यंत बहुधा डॉक्टरांच्याच तोंडीं असलेलें हें अवघड नांव ‘लेप्टो’ या सुटसुटीत रूपानें घरोघरीं पोंचलें.

या रोगाचा जंतु उंदराच्या मूत्रपिंडांत बिऱ्हाड करून राहतो. उंदीर त्यानें आजारी दिसत नाहीं. त्याच्या मूत्रावाटे जंतु बाहेर पडतो आणि साचलेल्या गोड्या पाण्यांत वा ओल्या चिखलांत कित्येक दिवस तग धरतो. कुत्रीं व गुरें यांच्यापासूनहि तो पसरतो. आकारानें हा मळसूत्रासारखा पीळदार असून त्याचें टोंक आंकड्यासारखें वळलेलें असतें. १९०७ सालीं स्टिम्सन या अमेरिकन शास्त्रज्ञास तो प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून त्यानें लॅटिन भाषेंत त्याला ‘प्रश्न विचारणारा’ असें नांव दिलें. पुढें १९१५ च्या सुमारास जपानांत इनाडा व इडो यांनीं या रोगाचें मूळ हाच जंतु होय, हें सिद्ध केलें.

नांव सार्थ आहे, कारण या जंतूस खरोखरच सतत एक प्रश्न सोडवावा लागतो: मी आतां कोठें आहें? डबक्यांत, कीं देहांत? डबक्यांत अन्न तुटपुंजें. तेथें रोग निर्माण करणारीं हत्यारें तयार करणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आपल्या घरांतहि शंभर पानांचीं पातेलीं माळ्यावर असतात. तीं रोज चुलीवर चढवीत नाहींत, कार्य निघालें म्हणजेच खालीं येतात. जंतूच्या जनुकांत प्रत्येक हत्यार घडविण्याची कृति लिहिलेली असते, परंतु ती अमलांत केव्हां आणावयाची याची निराळी व्यवस्था असते. रोगाचें मर्म पुष्कळदां त्या व्यवस्थेंतच सांपडतें.

मग कार्य निघालें हें जंतूला सांगतें कोण? तर मीठ! लॉस एंजलिस येथील मात्सुनागा, हाके आदि शास्त्रज्ञांनीं २००५ सालींच प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेंतील पातळ द्रवांत वाढणाऱ्या जंतूंना त्यांनीं आपल्या रक्तांत असते तितकी क्षारता दिली. त्याबरोबर ‘लिग-ए’ व ‘लिग-बी’ या दोन प्रथिनांची निपज वाढली. हीं प्रथिनें म्हणजे शरीरांतील पेशींच्या आधारद्रव्याला चिकटून राहण्याचीं साधनें होत. साध्या मिठाऐवजीं पोटॅशियम क्लोराइड घातलें तरी परिणाम तोच. अर्थात् जंतु मिठाची चव घेत नसून द्रवांत किती द्रव्य विरघळलें आहे तें जोखतो. पावसाचें पाणी जवळजवळ अळणी, रक्त समुद्राच्या पाण्याच्या सुमारें चौथाई खारट. पायाच्या भेगेंतून आंत शिरतांच जंतूला हा फरक कळतो. जखमेवर मीठ चोळणें हा वाक्प्रचार इतका शब्दशः खरा ठरावा, ही गंमतच! (जेवणांतील मिठाशीं याचा कांहींएक संबंध नाहीं, कोणीं लोणचें सोडूं नये.)

दुसरी खूण उष्णतेची. जनुकांतील मजकुराची जी नक्कल प्रथिनें घडविण्याच्या कामीं येते, ती थंडाव्यांत घडी घातलेल्या पत्रासारखी मिटलेली राहते. वाचनाला जेथून प्रारंभ व्हावयाचा तोच भाग घडींत दडतो. देहाच्या ३७ अंशांच्या उबेंत घडी सैल होते आणि वाचन सुरू होतें. लिग प्रथिनांच्या बाबतींत हें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. उलट, बाहेर असतांना विपुल असणारें दुसरें एक प्रथिन देहाच्या उबेंत बनणें जवळजवळ थांबतें. १८९६ सालीं मुंबईंत अवतरलेल्या प्लेगचा जंतुहि याच जातीचा हिशेब करतो: पिसवेच्या पोटांत असतांना एक संसार, मनुष्याच्या उष्ण रक्तांत शिरला कीं दुसरा.

एवढ्यावरून दोन प्रथिनांतच सारा रोग आहे असें मात्र समजूं नये. २००८ सालीं ‘लिग-बी’चें जनुक निकामी केलेले जंतु हॅमस्टर नांवाच्या लहान प्राण्यांना टोंचून पाहिले, तरीहि ते प्राणी दगावले. शत्रूच्या भात्यांत एकच बाण नसतो.

जंतूचा शिरकाव व ताप यांमध्यें बहुधा पांच ते चौदा दिवस जातात, कधीं महिनाहि लागतो. म्हणूनच घोटाळा होतो. पाण्यांतून आल्याची आठवण बुजलेली असते, आणि आजी मुलाचा ताप बदलत्या हवेवर घालून काढा उकळावयास ठेवते. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना व लालबुंद डोळे हीं लक्षणें दिसलीं, तर डॉक्टरांस ‘मुलगा पाण्यांतून चालला होता’ हें आपण होऊन सांगितलें पाहिजे. उपचार वेळेवर झाला तर औषधें चांगलीं लागू पडतात. उशीर झाल्यास कावीळ, मूत्रपिंडांचा बिघाड व फुप्फुसांतील रक्तस्राव येथपर्यंत मजल जाते. पायाला जखम असून साचलेल्या पाण्यांतून जावें लागलेंच, तर घरीं येतांच साबणानें पाय स्वच्छ धुवून तीन दिवसांच्या आंत डॉक्टरांना विचारावें. प्रतिबंधक गोळी घ्यावी कीं नाहीं हें ते ठरवितील.

‘लिग-ए’पासून लस करण्याचा प्रयत्नहि झाला आहे. २००७ सालच्या प्रयोगांत लस टोंचलेले हॅमस्टर मरणापासून वांचले, परंतु त्यांच्या मूत्रपिंडांत जंतु तसेच नांदत राहिले, उंदराच्या मूत्रपिंडांत नांदतात तसे.