चाकाचा आकडा आणि पायाची लांबी

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती इंची दाखवू?’ 24, 26, 27.5, 29. हा आकडा चाकाचा असतो. सायकल अंगाला बसणार की नाही, हे मात्र फ्रेमवर ठरतं. सीटखालची उभी नळी किती उंच आणि सीटपासून हँडल किती लांब, यावर. पाच फूट उंचीची बाई आणि पावणेसहा फुटी पुरुष, दोघांनाही 26 इंची चाकांची सायकल नीट बसू शकते, फक्त दोघांच्या फ्रेम वेगळ्या हव्यात. स्वस्तातल्या गिअरच्या सायकली बहुधा एकाच मापाच्या फ्रेमवर विकल्या जातात आणि घेणाराही रंग, गिअर, डिस्क ब्रेक पाहून पैसे मोजतो. हौसेनं आणलेली सायकल काही महिन्यांत जिन्याखाली जाऊन पडते, तेव्हा दोष आळसाला दिला जातो. माझ्या मते बऱ्याचदा तो मापाचा असतो.

‘पूर्वीच्या लोकांनी कुठे मापं काढली होती?’ असं यावर हमखास विचारलं जातं. खरं तर त्यांनी ती काढली होती. दांडीच्या काळ्या सायकलींची चाकं बहुधा 28 इंची. फ्रेम मात्र 20, 22 आणि 24 इंची मिळायची. ‘बावीसची देऊ की चोवीसची?’ हा दुकानदाराचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या उंचीसाठीच होता. शिवाय त्या सायकलीचं हँडल स्वाराकडे वळलेलं असे, माणूस ताठ बसे आणि हातांवर फारसा भार येत नसे. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर पुढे झुकावं लागतं, त्यामुळे माप चुकलं तर ते मान, मनगटं आणि कंबर लगेच सांगतात.

सगळ्यात जास्त सोसतो तो गुडघा. मिनिटाला 60 फेऱ्या या साध्या गतीनं तासभर पायडल मारलं, तर प्रत्येक गुडघा 3600 वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट खाली असेल तर तो दर वेळी गरजेपेक्षा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो. वाटीवर दाब येतो आणि गुडघा पुढच्या बाजूनं दुखू लागतो. सीट फार वर असेल तर पायडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि दुखणं बहुधा गुडघ्याच्या मागे सरकतं. योग्य उंची ओळखायला घरचीच रीत पुरते. भिंतीला हात टेकवून सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक राहतो, तोच हवा असतो. आकड्यात हवं असेल तर तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र आहे: अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला 0.883 नं गुणायचं. 75 सेंटिमीटर असेल तर पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 66 सेंटिमीटर. ही सुरुवात समजावी. पुढे अर्ध्या-एक सेंटिमीटरचा फरक शरीरच सांगतं.

इथे लोक अडतात ते भीतीपाशी. ‘सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर ट्रॅफिकमध्ये पडू.’ भीती खोटी नाही, पण पायडल सगळ्यात खाली आल्यावरही जमिनीपासून दहाएक सेंटिमीटर वर असतं. म्हणजे बसल्या जागी तळवे सपाट टेकत असतील, तर पायडलवर पाय पुरेसा सरळ होऊच शकत नाही. उपाय सवयीचा आहे: थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय खाली टेकायचा. रिकाम्या मैदानावर सराव केला की ते जमतं. अगदी नवशिक्यानं सीट थोडी खाली ठेवून शिकावं आणि तोल आला की वर घ्यावी. लहान मुलांना ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल देण्याचं समर्थन मात्र करता येत नाही. ब्रेकची मूठ बोटांत मावली नाही, तर ती सायकल धोक्याचीच.

पाना फिरवून काय सुधारतं आणि काय नाही, हेही ओळखायला हवं. सीटची उंची आणि तिचं पुढे-मागे होणं पान्यानं किंवा एलन कीनं जमतं. हँडल थोडं लांब वाटलं तर स्टेम, म्हणजे हँडल सायकलीला जोडणारा तुकडा, बदलून दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. हँडल गाठण्यासाठी सीट पुढे ओढणं मात्र चूक, कारण सीटची जागा पायडलच्या हिशोबानं ठरते. हात सुखावले की गुडघे बिघडतात. सीटच्या पाइपवर कमाल उंचीची खूण असते. ती दिसू लागूनही पाय वाकलेलाच राहत असेल, तर फ्रेम लहान आहे. सीट पूर्ण खाली असूनही टाच पोचत नसेल किंवा दांडीवर पाय फाकून उभं राहताना जांघेत जागा उरत नसेल, तर फ्रेम मोठी आहे. मग गादीचं कव्हर, जेलचं सीट यांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

असं असेल तर सायकल विकून टाका. ती ज्याला बसते असा कुणीतरी असतोच, आणि त्याच पैशात थोडी भर घालून साधी, बिनगिअरची पण मापाची सायकल घेता येते. रोज लांब पल्ला मारणाऱ्यांनी किंवा दुखणं न थांबणाऱ्यांनी मोठ्या शहरांतल्या फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडे जावं. बाकीच्यांनी पुढच्या वेळी दुकानात चाकाच्या इंचांआधी फ्रेमचं माप विचारावं, सीट आपल्या उंचीला लावून घ्यावी, गल्लीतून एक फेरी मारावी आणि मगच पैसे द्यावेत. फेरी मारू न देणाऱ्या दुकानातून सायकल घेऊ नये.