आधी बूट पाहा, मग पँटपीस दाखवा

सुटिंगचे थान उलगडले की गिऱ्हाईक हमखास विचारते, "शेठ, यावर शर्ट कोणता?" बुटाचे कोणी विचारत नाही, आणि आपण कापडवालेही सांगत नाही.

माझ्याच दुकानातली गोष्ट. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला पहिली नोकरी लागली होती. मी तीन पँटपीस कापून दिले : नेव्ही ब्लू, करडा आणि बदामी. पोराच्या पायात नवेकोरे काळे बूट होते, ते मी पाहिलेच नाहीत. नेव्ही आणि करड्यावर ते शोभले; फिक्या बदामीखाली मात्र काळा बूट उपरा दिसू लागला. दुसऱ्या जोडाला पैसे नव्हते. चूक माझी, म्हणून कापलेला पीस परत घेऊन गडद करडा दिला. तो बदामी तुकडा अजून कपाटात आहे.

एकच जोड घ्यायचा असेल तर आधी घरातल्या पँटी मोजाव्यात. काळ्या आणि गडद करड्या जास्त असतील, किंवा वकिली वा समारंभाचा काळा कोट असेल, तर काळाच बूट घ्यावा. खाकी, बदामी, मेंदी रंग जास्त असतील तर गडद कॉफी घ्यावा. पोलीस अधिकाऱ्यांच्या खाकीखाली तपकिरी बूट असतो तो उगाच नाही. शिवाय कॉफी रंग नेव्ही आणि करड्यावरही चालतो. अडतो तो काळ्या पँटवर. म्हणून मिसळ कपाटाला माझे मत कॉफीला. टॅन निळ्यावर खुलतो, पण गडद करड्याखाली नजर थेट पायावर जाते. चेरी रंग करड्यावर फार छान दिसतो, मागणारे थोडे. पट्टा मात्र बुटाच्याच रंगाचा हवा आणि मोजे पँटच्या.

धारावीतल्या, कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कारागीर बांधवांनी ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाकडून पँटच्या कापडाची चिंधी मागून घ्यावी. ट्यूबलाइटखाली नेव्ही काळा भासतो. चिंधी आणि चामडे दोन्ही दाराबाहेर उजेडात धरावे. रंगाबद्दल शंका असेल तर एक छटा फिकी घ्यावी. फिके चामडे गडद पॉलिशने हळूहळू उतरवता येते, पण काळ्याचे टॅन कोणाच्याने होत नाही.

मी आता गल्ल्याशेजारी काळा, कॉफी आणि टॅन अशा चामड्याच्या तीन पट्ट्या टांगल्या आहेत. एका बूटवाल्याने कातरणातून फुकट दिल्या. पँटपीस कापण्यापूर्वी पट्टी त्यावर ठेवून दाखवतो.