कोऱ्या रकान्याची साक्ष

फौजेत भरती होताना जवानाची डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणी होते. दोष सापडला तर नोंद होते, नाही तर रकाना कोराच. पुढे कित्येक वर्षांनी हाच कोरा रकाना कोर्टात जवानाच्या बाजूने साक्ष देतो!

१९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झालेल्या एका जवानाला नोकरीत फिट्स येऊ लागल्या. १९९४ मध्ये त्याला बोर्ड आउट करून, म्हणजे आजारपणामुळे सेवेतून काढून, घरी धाडलं. मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरलं, पण शेरा मारला: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही. डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. उच्च न्यायालयात तो आधी जिंकला, मग अपिलात हरला.

आता फिट नेमकी कशाने आली हे त्या बिचाऱ्याने सिद्ध कसं करायचं? निष्णात डॉक्टरही पुष्कळदा ते छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. पण अशा पेन्शनसाठीच्या १९८२ च्या नियमांनी ते ओझं त्याच्यावर टाकलेलंच नव्हतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम उलगडून दाखवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही? मग माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं आणि पुढची घसरण सेवेच्या खात्यावर मांडायची. हे खोडून काढायचं काम सरकारचं. ‘हा आजार भरतीच्या तपासणीत कळणं शक्यच नव्हतं’ असं बोर्डाला म्हणता येतं, मात्र कारणं देऊन. इथे कारण दिलेलंच नव्हतं. शिवाय वाजवी शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. तो जिंकला.

याहून गमतीचं आहे ते पेन्शनचं गणित. अपंगत्व २० टक्के असो की ४९, पेन्शनसाठी ते ५० धरतात. ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे थेट १००. बोर्ड आउट झालेल्यांपुरती असलेली ही सवलत २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिली.

विभागाकडची अपिलं फेटाळली गेली, की दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे मागायची. तिथे न्यायमूर्तींच्या शेजारी माजी सेनाधिकारीही बसतो. सातारा-कोल्हापूरच्या जवानाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही, मुंबईत खंडपीठ आहे.

मात्र सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. तेव्हा जुन्या निकालावर भिस्त ठेवण्याआधी डिस्चार्जच्या कागदावरची तारीख पाहावी.