शाळेच्या संगणकास एसएसडी : स्वस्त की वेगवान?

शाळेतील जुना संगणक सुरू होण्यास पाच-सात मिनिटे घेऊ लागला, की तो निकामी झाला असे समजून कोपऱ्यात झाकून ठेवला जातो. पुष्कळदा दोष असतो तो फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास तोच संगणक बहुधा मिनिटाच्या आत कामास सिद्ध होतो.

साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदास सुमारे ५५० मेगाबाइट माहिती वाचते. महागडी, चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७,००० पर्यंत मजल मारते. आकडा मोहक खरा. परंतु जुन्या संगणकात तिची खाचच बहुधा नसते, आणि निकालपत्रक उघडताना हा फरक जाणवतही नाही. तो जाणवतो मोठ्या चित्रफितींचे संपादन करणारास.

स्वस्ताईतही मात्र तारतम्य हवे. टीएलसी प्रकारात स्मृतीच्या एका कोशिकेत तीन बिट साठवितात, क्यूएलसीत चार. म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते, पण लवकर झिजते. सॅमसंगच्या १ टेराबाइट क्षमतेच्या ८७० ईव्हीओस ६०० टेराबाइट लेखनाची हमी आहे, ८७० क्यूव्हीओस ३६०. (शाळेचे लेखन यांपैकी कोणतीही मर्यादा सहसा गाठत नाही, हेही खरे.) हमीपत्राविना मिळणारी निनावी एसएसडी मात्र घेऊ नये.

हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुरून इशारा देते. एसएसडी एखादे दिवशी अकस्मात मुकी होते, व वर्षाची हजेरी तिच्याबरोबर जाते. यास्तव वेगावर खर्च न झालेल्या पैशांतून बाह्य डिस्क घ्यावी, आणि दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी दुसरी प्रत तीवर उतरवावी.