जीवनमानाची तुलना : चामोर्शीच्या संदर्भात एक पारिभाषिक विचार

‘राहणीमान’ आणि ‘जीवनमान’ हे दोन शब्द मराठीत पुष्कळदा एकाच अर्थी योजिले जातात. राहणीमान ही खर्चाची पातळी होय; जीवनमान म्हणजे माणूस किती काळ, कशा प्रकृतीने आणि किती मोकळेपणाने जगतो याची प्रत. श्रीमंत व गरीब देशांच्या तुलनेत होणारा बराचसा घोटाळा या दोहोंच्या सरमिसळीतून उद्भवतो. तो उकलण्यासाठी नॉर्वे आणि भारत अशी ढोबळ जोडी घेऊन थांबण्यापेक्षा एखादा लहान प्रदेश डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते. वैनगंगेच्या काठचा, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

पहिली अडचण चलनाची. चामोर्शीतील न्हाव्याचा हात नॉर्वेतील न्हाव्याहून मंद चालतो असे नाही. तरीही त्याला मिळणारे पैसे विनिमय दराने पाहता कितीतरी कमी असतात. देशादेशांत ज्या मालाची ने-आण होते त्याच्याच किमती विनिमय दराशी निगडित राहतात. केस कापणे जहाजात भरून पाठविता येत नाही. जेथे मजुरी कमी, तेथे अशा सेवा स्वस्त. बेला बालासा व पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ साली स्वतंत्रपणे हे कारण मांडले, आणि १९६८ पासून किमतींची आंतरराष्ट्रीय तुलना पद्धतशीर सुरू झाली. क्रयशक्तीच्या या हिशेबाने भारताचे दरडोई उत्पन्न तिपटीहून अधिक भरते. दरी उरतेच, पण ती आधी दिसली तेवढी खोल राहत नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि अर्थशास्त्रज्ञांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रश्नावलीतील ‘उत्पन्न’ हा शब्द शेतकऱ्याच्या मराठीत पिकाला लागतो. धान पिकविणाऱ्या कुटुंबाला ‘वर्षाचे उत्पन्न किती?’ असे विचारल्यास उत्तर खंडीत किंवा पोत्यांत येण्याचा संभव अधिक. रुपयांचा आकडा मग विचारणाराच घालतो. या तालुक्यात मराठीखेरीज गोंडी व तेलुगू बोलणारी घरे आहेत, पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्यांच्या वसाहतींत बंगाली चालते. एकच प्रश्न एवढ्या भाषांतून जाताना तोच राहतो, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. शिवाय मोहफुले, सरपण, तलावातील मासळी यांपैकी घरीच वापरले जाणारे विक्रीच्या हिशेबात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या लेखापद्धतीनुसार घरासाठी रानातून आणलेले सरपण आणि वाहून आणलेले पाणी हे तत्त्वतः उत्पादनात मोजावयाचे. त्याच पाण्यात शिजविलेला भात मात्र मोजावयाचा नाही. बाईने पाण्यासाठी केलेली पायपीट अशा रीतीने राष्ट्रीय उत्पन्नात भर घालते आणि तिच्या जीवनमानातून वजा होते, हा विरोध लक्षात घेण्याजोगा आहे.

उत्पन्नाचा हा तोकडेपणा ओळखूनच महबूब उल हक यांनी, अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने, १९९० साली मानवी विकास निर्देशांक पुढे आणला. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र केले जाते. प्रारंभी तिन्हींची साधी सरासरी काढीत. २०१० पासून भूमितीय सरासरी घेतली जाते. तीन अंगांचे गुण ०.९, ०.९ व ०.३ असल्यास साधी सरासरी ०.७० येते, भूमितीय सुमारे ०.६२. एका अंगाची उणीव दुसऱ्या अंगाच्या संपन्नतेने सहज झाकली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. २०१९ साली अमेरिकेचे दरडोई उत्पन्न विनिमय दराने कोस्टारिकाच्या सुमारे पाचपट होते. आयुर्मान मात्र कोस्टारिकाचेच किंचित अधिक होते.

महाराष्ट्राच्या २००२ च्या मानवी विकास अहवालात मुंबई पहिली आणि गडचिरोली जिल्हा शेवटचा आहे. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण राज्यात ८२ टक्क्यांवर असता या जिल्ह्यात ७४ टक्क्यांच्या आसपास होते. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या बीडमध्ये ८०७, राज्यात ८९४, आणि गडचिरोलीत ९६१ होती. मुलीला जन्मू देणे हा जीवनमानाचा भाग नव्हे असे कोण म्हणेल? निर्देशांकात त्याला जागा नाही, एवढेच. याच जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास व जंतुसंसर्गावर उपचार करण्यास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ही घट होण्यासाठी त्या गावांना आधी श्रीमंत व्हावे लागले नाही.

याची उलट बाजूही संभवते. सुरजागडच्या लोहखनिजावर आधारलेला पोलाद प्रकल्प चामोर्शी तालुक्यातच, कोनसरी येथे आहे. अशा प्रकल्पाचे सारे उत्पादन जिल्ह्याच्या खात्यावर चढते. नफा मात्र भागधारक जेथे असतील तेथे जातो. आयर्लंडमध्ये २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मालमत्ता तेथे नोंदविल्यामुळे देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी फुगले, आणि तेथील सांख्यिकी कार्यालयाला रहिवाशांच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नासाठी निराळे माप तयार करावे लागले. गडचिरोलीच्या उत्पन्नाचे आकडे यापुढे वाचताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार तक्ते शेजारी ठेवावे लागतील. २०१५-१६ च्या फेरीपासून ते उपलब्ध आहेत, आणि त्यांत पोलाद मोजलेले नसून स्त्रियांतील रक्तक्षय व मुलांची वाढ मोजलेली आहे.